‘इटलीचा राजा’ : एका बिरुदाचा इतिहास

सावरकरांनी केलेले मॅझिनीच्या लेखनाचे भाषांतर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. इटलीच्या एकीकरणाचा परिचय मराठी वाचकास मुख्यतः अशा देशभक्तांच्या चरित्रांतून होत आला. ज्या राजपदाच्या छत्राखाली ते एकीकरण अखेर घडून आले, त्याची मीमांसा त्या मानाने मागे राहिली. राजाचे बिरुद म्हणजे केवळ शोभेची शब्दरचना नव्हे. सत्तेचा उगम कोठे आहे, याविषयीचा दावा त्यात अनुस्यूत असतो. या दृष्टीने ‘इटलीचा राजा’ हे बिरुद अभ्यसनीय ठरते.

इ. स. ४७६ मध्ये ओडोएसरने रोम्युलस ऑगस्ट्युलस या अल्पवयीन सम्राटास पदच्युत केले, तेव्हा त्याच्या सैन्याने त्यास ‘रेक्स’, म्हणजे राजा, म्हणून घोषित केले होते. ४९३ मध्ये राव्हेन्ना येथे त्याचा वध करून सत्ताधीश झालेला थिओडोरिक हाही अधिकृत लेखनात स्वतःस नुसते ‘रेक्स’ म्हणवीत असे. ५६८ मध्ये आलेल्या लाँबर्डांच्या राजांचे रूढ बिरुद ‘लाँबर्डांचा राजा’ असे होते आणि ७७४ मध्ये पाव्हिया जिंकणाऱ्या शार्लमेननेही तेच धारण केले. राजा लोकसमूहाचा, भूमीचा नव्हे, ही जर्मानिक कल्पना येथे स्पष्ट दिसते. ‘इटलीचे राज्य’ ही संज्ञा पुढे नवव्या शतकात स्थिरावत गेली; परंतु तिची व्याप्ती प्रामुख्याने उत्तर व मध्य इटलीपुरती राहिली. दक्षिणेत ११३० मध्ये दुसऱ्या रॉजरला पालेर्मो येथे राज्याभिषेक झाला व सिसिलीचे स्वतंत्र राज्य उदयास आले.

उत्तरेकडील राज्याचे प्रतीक म्हणजे माँझा येथील ‘लोहमुकुट’. त्याच्या आतील पट्टी ख्रिस्ताच्या क्रुसाच्या खिळ्यापासून घडविली, अशी श्रद्धा आहे. १९९३ मधील परीक्षणात मात्र ती पट्टी चांदीची आढळली. १५३० मध्ये बोलोन्या येथे पाचव्या चार्ल्सने आणि २६ मे १८०५ रोजी मिलान येथे नेपोलियनने हाच मुकुट धारण केला. नेपोलियनचे ‘इटलीचे राज्य’ १८१४ मध्ये लयास गेले आणि तेही संपूर्ण द्वीपकल्पाचे कधीच नव्हते.

संपूर्ण इटलीचा दावा या बिरुदात आला तो १८६१ मध्ये. टस्कनी, एमिलिया, नेपल्स, सिसिली इत्यादी प्रदेशांत १८६० साली सार्वमते घेण्यात आली होती. त्यांनंतर १७ मार्च १८६१ च्या कायद्याने सार्डिनियाचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल याने स्वतःसाठी व आपल्या वारसांसाठी हे बिरुद स्वीकारले. परंतु नावापुढील ‘दुसरा’ हा क्रमांक त्याने सोडला नाही. नव्या राष्ट्राचा पहिलाच राजा ‘दुसरा’ कसा, असा आक्षेप त्या काळीच घेण्यात आला. क्रमांक कायम ठेवण्यात सॅव्हॉय घराण्याची परंपरा अखंड आहे, अर्थात इटली म्हणजे सार्डिनियाच्या राज्याचाच विस्तार होय, असे सूचित होत होते. संसदेची कारकीर्दही ‘आठवी’ म्हणूनच चालू राहिली. याउलट २१ एप्रिल १८६१ चा कायदा नव्या मालिकेतील पहिला म्हणून नोंदविला गेला आणि त्याने राजाच्या नावास ‘ईश्वराच्या कृपेने व राष्ट्राच्या इच्छेने’ हे शब्द जोडले. परंपरा आणि लोकेच्छा या दोन तत्त्वांचा समन्वय त्या शब्दांत साधला होता; परंतु तो पूर्ण नव्हता.

भाषेच्या बाबतीत ही अपूर्णता अधिकच जाणवते. नव्या राजाच्या नित्य व्यवहाराची भाषा पीडमाँटी व फ्रेंच होती. त्या वेळी इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ मध्ये सुमारे अडीच टक्के मानले, तर कास्तेल्लानी यांनी १९८२ मध्ये ते दहा टक्क्यांच्या आसपास नेले. मोठा आकडा ग्राह्य धरला, तरी ज्या राष्ट्राच्या इच्छेचा उल्लेख बिरुदात होता, त्याच्या बहुसंख्य जनतेस राष्ट्रभाषा अपरिचितच होती.

१८७८ मध्ये गादीवर आलेल्या उंबेर्तोने घराण्याच्या गणनेनुसार ‘चौथा’ न होता ‘पहिला’ म्हणवून घेतले आणि क्रमांकाचा वाद इटलीच्या बाजूने मिटविला. परंतु लोकेच्छेच्या तत्त्वाची खरी कसोटी पुढेच लागावयाची होती. तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने १९२२ मध्ये मुसोलिनीस सत्ता दिली व दोन दशके तिला आपल्या पदाचे आच्छादन पुरविले. ९ मे १९४६ रोजी त्याने राजत्याग केला, तो घराणे वाचविण्याच्या आशेने. परंतु तोवर फार उशीर झाला होता. २ व ३ जून १९४६ रोजी झालेल्या सार्वमतात प्रजासत्ताकास सुमारे १ कोटी २७ लाख आणि राजपदास सुमारे १ कोटी ७ लाख मते पडली. राष्ट्रव्यापी मतदानात स्त्रियांनी प्रथमच भाग घेतला, तो याच वेळी. नेपल्सच्या मतदारसंघात जवळजवळ चार पंचमांश मते राजाकडे गेली, उत्तरेने मात्र बहुतांशी प्रजासत्ताकास कौल दिला. ज्या उत्तरेतून हे घराणे आले, तिनेच त्यास नाकारले.

१८६० च्या सार्वमतांनी दिलेले पद १९४६ च्या सार्वमताने परत घेतले. बिरुदातील ‘राष्ट्राच्या इच्छेने’ हे शब्द अखेर शब्दशः खरे ठरले; मात्र ते खरे ठरताच बिरुदाचे प्रयोजन संपले.