रोमचा अधःपात आणि त्याचे साक्षीदार

रोमन लोकांच्या अधःपातावर निबंध लिहावयाचा म्हणजे काम सोपें, असें कॉलेजांतील विद्यार्थ्यांस वाटतें. नीरोचे अत्याचार, ग्लॅडिएटरांच्या झुंजी, धनिकांच्या मेजवान्या, एवढी सामग्री हाताशीं असतां उणें तें काय? व्होमिटोरियम म्हणजे जेवतां जेवतां वांती करण्याची खोली, हेंही कोणी त्यांत घालतो. वस्तुतः प्रेक्षकांचा लोंढा ज्या वाटेनें क्रीडागारांतून बाहेर पडे, तिचें तें नांव. परंतु साक्षीदार कोण व तो केव्हां बोलत आहे, हें विचारल्यावांचून लेखणी उचलूं नये.

सालें एका ओळींत मांडून पाहावीं. स्त्रियांच्या सोन्यावर निर्बंध घालणारा कायदा इ. स. पूर्वीं १९५ या वर्षीं रद्द होऊं लागला, तेव्हां थोरल्या केटोनें त्यास कडाडून विरोध केला, असें लिव्ही सांगतो. सॅलस्ट हा नीतीचा ऱ्हास कार्थेजच्या विध्वंसापासून, म्हणजे इ. स. पूर्वीं १४६ पासून, मोजतो. उपहासकवि जुव्हेनल यानें रोमचीं लक्तरें वेशीवर टांगलीं, त्याच सुमारास, ट्रेजन बादशहाच्या कारकीर्दींत (तो ११७ सालीं वारला), साम्राज्याचा विस्तार सर्वांत मोठा झाला होता. पश्चिमेकडील गादी रिकामी झाली ती ४७६ सालीं, आणि पूर्वेकडील रोमन सत्ता तर १४५३ पर्यंत टिकली. सॅलस्टचें निदान खरें धरलें, तर रोग जडल्यावर हा रोगी सहाशें वर्षें जगला!

नीरो ६८ सालीं मेला. टॅसिटस व सुएटोनियस यांनीं त्याचें चरित्र लिहिलें तें त्यानंतर कित्येक वर्षांनीं. टॅसिटस स्वतः सिनेटर होता, आणि सिनेटरांचा बादशहांवरील रोष त्याच्या पानोपानीं दिसतो.

अलारिकनें ४१० सालीं रोम लुटलें, तेव्हां जुन्या देवांस सोडल्यानेंच हें संकट आलें, असा आरोप ख्रिस्ती लोकांवर झाला. त्यास उत्तर म्हणून संत ऑगस्टीननें ४१३ ते ४२६ पर्यंत खपून बावीस भागांचा ग्रंथ रचला. मला मात्र मार्सेयचा धर्मगुरु सॅल्व्हियन अधिक वाचनीय वाटतो. ट्रीर शहर वारंवार लुटलें गेलें, प्रेतें उघड्यावर पडलीं, तरी तेथील उमरावांनीं बादशहाकडे मागितले ते सर्कसचे खेळ, असें तो संतापानें लिहितो. त्यानें ज्यांस लाजविलें ते मूर्तिपूजक नसून ख्रिस्ती होते. आफ्रिकेंत व्हँडल लोकांनीं वेश्यागृहें बंद केलीं म्हणून तो त्यांची वाखाणणी करतो. पण हें प्रवचनकाराचें बोलणें आहे, शिरगणती नव्हे.

पुढें गिबननें (१७७६ ते १७८८) पतनाच्या कारणांत ख्रिस्ती धर्मासही गोवलें. त्यावर त्याच्या हयातींतच मोठा वाद माजला. आज अभ्यासकांजवळ ग्रंथांखेरीज नाणींही आहेत. २३५ ते २८४ या काळांत वीसांहून अधिक बादशहा झाले, बहुतेक तरवारीनेंच मेले. आणि सैन्याचा पगार भागवितां भागवितां गॅलिएनसच्या अखेरीस, २६८ च्या सुमारास, रोमच्या रुपेरी नाण्यांत चांदी शेंकडा पांचांहूनही कमी उरली. मेजवान्यांचा उल्लेख त्या नाण्यांवर कोठेंच नाहीं.