आपल्या शाळेचा पैसा

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असं संपादक मंडळानं कळवलं. देवळात भरणारा दुसरीचा वर्ग, सुकडीचा वास, गुरुजींची सायकल, हे सगळं बाकीचे लिहितीलच. मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात बिलं तपासली. त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडतो. ही शाळा आजवर चालली ती कुणाच्या पैशावर?

इंग्रजी अमलात, 1860 नंतरच्या काही वर्षांत, मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांना ठरला. म्हणजे खेड्यातल्या शाळेचा पहिला पैसा कुणब्याच्या कनवटीचाच. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी यावरच बोट ठेवलं. तिजोरी भरायची रयतेनं, आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या कॉलेजांवर! बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती.

सरकारनं ती मनावर घेतली नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि 1906 पर्यंत ती सगळ्या राज्यात नेली. तोच दाखला घेऊन गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडलं. (गोखले लहानपणी आपल्या कागललाच शिकले, हे आपल्या गुरुजींनी आपल्याला निदान दहा वेळा सांगितलं असेल.) मागणी फार मोठी नव्हती. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना हवं तर सक्ती करता यावी, आणि खर्चाचे दोन वाटे सरकारनं, एक वाटा स्थानिक संस्थेनं उचलावा. 1912 साली ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. एवढा पैसा कुठून आणायचा, असं सरकार म्हणालं. शेतावर मजूर मिळणार नाहीत, ही धास्ती आपल्याच बड्या जमीनदारांना होती.

जे व्हाइसरॉयच्या कौन्सिलाला परवडलं नाही, ते पाच वर्षांनी एका संस्थानाला परवडलं. 1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. माझी आजी सांगायची, की तिच्या सासऱ्यानं दंडाच्या भीतीनं धाकट्या मुलाला शाळेत घातलं आणि थोरल्याला गुरांमागं ठेवलं. धाकटा पुढं तलाठी झाला. थोरला माझा आजा. तो जन्मभर अंगठा उठवत राहिला.

1949 मध्ये संस्थान विलीन झालं आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. आपल्या शाळेच्या दोन कौलारू खोल्या त्यानंतरच्या. दगड गावानं ओढले, लाकूड आणि कौलं परिषदेची.

मग कोठारी आयोग आला. त्यानं 1966 च्या अहवालात राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्चा असं सांगितलं. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठामागेही तेच होते. त्यामुळे हा 6 चा आकडा मला कधी दिल्लीचा वाटला नाही. खेड्यातली शाळा पाहिलेल्या माणसाचा तो हिशेब होता. 1986 पर्यंत तो गाठायचा होता. अजून गाठलेला नाही.

वरचा आकडा कमी पडला, की खाली काय होतं ते मी टेबलावर पाहिलं. पगार जाऊन शाळेच्या हातात उरायचा तो सादिल. खडू, हजेरीपट, माठ, केरसुणी, सगळं त्यात. तोही वर्षाच्या शेवटी. तोवर हेडमास्तर खिशातून भागवायचे. 1987 नंतर खडू-फळा योजना आली. किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, शिवाय पृथ्वीगोल, नकाशे, विज्ञानाची पेटी. कितीतरी शाळांत ती पेटी कपाटात कुलूपबंद राहिली, कारण काही फुटलं तर डेडस्टॉक रजिस्टरला उत्तर कोण देणार? कुलूप लावणाऱ्या गुरुजींवर मी हसायचो. पण रजिस्टर तपासणारा मीच होतो.

आता एक कबुली. एका शाळेच्या खोली दुरुस्तीची मंजूर रक्कम माझ्या टेबलावरून परत गेली. अंदाजपत्रकावर एक सही राहिली होती. फाईल त्रुटी लावून परत पाठवली, ती पुन्हा आली तेव्हा एप्रिल उजाडला होता. निधी लॅप्स. नियमानं मी बरोबर होतो. त्या पावसाळ्यात मुलं व्हरांड्यात बसली. शाळेचं नाव लिहीत नाही, पण तिचे हेडमास्तर नंतर भेटले तेव्हा काहीच बोलले नाहीत, हे लक्षात आहे.

आपल्या शाळेचा पट आज 17 आहे. वीसच्या आतल्या शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत हलवण्याची चर्चा अधूनमधून उठते. सहा-सात वर्षांचं पोर ओढा ओलांडून तीन किलोमीटर जाणार आहे का, हे त्या तक्त्यात कुठंच नसतं. 2010 पासून शिक्षण हा कायद्यानं मुलाचा हक्क आहे, आणि खोली देणं ही सरकारची जबाबदारी.

म्हणून मेळाव्यात नव्या खोलीसाठी वर्गणी काढायचं ठरलं, तेव्हा माझं मन दोन्हीकडं होतं. आपण दिलं की परिषदेची फाईल थांबणार, ही माझी नोकरीतली खात्री. न द्यावं तर पावसाळा थांबत नाही. मी 5,000 रुपये दिले आहेत. त्यासोबत खोलीच्या मागणीचा अर्जही लिहून शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे, अंदाजपत्रकासह. यावेळी सगळे रकाने भरले आहेत. काल संध्याकाळपर्यंत 23 सह्या झाल्या होत्या. जेवणाच्या पंगतीआधी आपली करून जावी.