गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या गाड्या

बाबांनी 1967 साली स्कूटरसाठी नाव नोंदवलं, तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. स्कूटर चाळीच्या दारात उभी राहिली, तेव्हा मी चौथीत होतो. त्यामुळे सप्टेंबर 2013 मध्ये मी ओमाहाहून फोन करून सांगितलं, की इथे एका गावात कोऱ्या गाड्या पन्नास-पन्नास वर्षं न विकता पडून आहेत, तेव्हा बाबा थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, “गाडी आहे आणि गिऱ्हाईक नाही? असं कसं होईल रे?”

ते गाव म्हणजे नेब्रास्कातलं पिअर्स. वस्ती अठराशेच्या आसपास. रे लॅम्ब्रेक्ट यांनी 1946 साली तिथे शेवरोलेटची एजन्सी काढली आणि पत्नी मिल्ड्रेड यांच्या साथीने, एका मेकॅनिकवर, ती 1996 पर्यंत चालवली. अमेरिकेत त्या काळी दर शरद ऋतूत गाडीचा चेहरा बदलायचा. नवं मॉडेल आलं की कालची कोरी गाडी रातोरात शिळी. बाकीचे विक्रेते ती सूट देऊन खपवत. लॅम्ब्रेक्ट यांचा हिशेब वेगळा होता. पहिलाच भाव शेवटचा, घासाघीस नाही. जी गेली नाही ती गोदामात. बदल्यात आलेल्या जुन्या गाड्याही ते पुन्हा विकत नसत. लोकांनी सुरक्षित, नवी गाडीच घ्यावी असं त्यांचं मत. या गाड्या म्हणजे आपली म्हातारपणची पुंजी, असं ते धरून चालले. असं करत करत पाचशेच्या आसपास गाड्या साठल्या. त्यांतल्या पन्नासेक तर वीस मैलसुद्धा चाललेल्या नव्हत्या.

शेवरोलेट हे नाव आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होतं. आजोबा शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर होते. खोक्यांतून सुटे भाग बंदरात उतरायचे आणि शिवडीत त्यांची गाडी व्हायची. 1928 साली सुरू झालेला हा कारखाना 1954 साली बंद झाला. नुसती जोडणी नको, भाग इथेच बनवा, असं सरकारचं धोरण ठरलं आणि कंपनीने गाशा गुंडाळला. पुढे देशात मोजक्याच कंपन्या उरल्या, त्यांनी किती गाड्या काढायच्या तेही परवान्यावर. आजोबांची नोकरी जिथे संपली, तिथूनच बाबांची रांग सुरू झाली म्हणायची.

लॅम्ब्रेक्ट यांच्या त्या साठलेल्या गाड्यांचा लिलाव 28 आणि 29 सप्टेंबरला होता. मी शुक्रवारीच गेलो. गावाबाहेरच्या शेतात गाड्यांच्या रांगाच रांगा लावलेल्या. हजारो माणसं आली होती. टीव्हीवाले थेट प्रक्षेपणाच्या तयारीत. माझ्या डोक्यात मात्र मसल कारचं वेड. 1964 साली पॉन्टिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं इंजिन घालून जीटीओ काढली, तिथून पुढची दहा वर्षं या दांडगट गाड्यांची. पण इथे बहुतेक इम्पाला, बेल एअर, कॉर्व्हेअर आणि पिकअप. सगळा संसारी माल.

शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हे बोलून दाखवलं. तो हसला आणि त्याने सुपरबर्डचं नाव काढलं. ती गोष्ट मला ठाऊक होती, पण तिचा इथे संबंध आहे हे डोक्यात आलं नव्हतं. 1970 साली शर्यतीच्या नियमासाठी प्लिमथला ही गाडी सुमारे 1,900 च्या संख्येने बनवून विक्रेत्यांकडे पाठवावी लागली. पुढे टोकदार नाक, मागे उंच पंख. शर्यतीत वाऱ्यासारखी, पण बाजारात गिऱ्हाईक बिचकायचं. कित्येक गाड्या महिनोन् महिने दुकानांपुढे उभ्या राहिल्या. काही विक्रेत्यांनी नाक-पंख काढून त्यांना साध्या रोड रनरचं रूप दिलं आणि कशाबशा खपवल्या. त्यात विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, 1973 मध्ये तेलाचा पुरवठा आटला आणि तो जमानाच संपला. आज त्याच सुपरबर्डसाठी लोक लाखो डॉलर मोजतात. न खपणं हाच पुढे मोठेपणा ठरला.

पण न वापरलेली गाडी कोरी राहते, हा गैरसमज त्या शेतात फिटला. काहींच्या सीटवर कारखान्याचं प्लास्टिक तसंच होतं, काचेवर किमतीचा कागदही. पण टायर बसलेले, रबर तडकलेलं, पत्र्याला गंज चढलेला. उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकटा होतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, उंदीर वायरिंग खातात. आजोबा असते तर आधी बॉनेट उघडलं असतं.

सगळ्यांत जास्त गर्दी 1958 च्या कॅमिओ पिकअपभोवती. मीटरवर 1.3 मैल. म्हणजे दोन किलोमीटर आणि वर थोडं. एवढ्या वर्षांत तिचा सगळा प्रवास तेवढाच. गोदामाचं छत कोसळलं तेव्हा तिच्या टपाला पोचा आला होता, तो तसाच ठेवलेला. ती 1,40,000 डॉलरना गेली. 1963 ची इम्पाला, 11 मैल चाललेली, 97,500 ला. 1978 ची कॉर्व्हेट, 4 मैलांची, 80,000 ला.

रविवारी रात्री बाबांना आकडे सांगितले. त्यांनी कॅमिओच्या किमतीचे रुपये करून पाहिले आणि विचारलं, “घेणारा ती चालवणार ना?”

“नाही चालवणार, बाबा. मीटर पुढे सरकला की भाव उतरेल.”

ते मनापासून हसले. आमच्या स्कूटरच्या मीटरची केबल 1980 सालीच तुटली होती. ती बदलायला कुणाला सवड झाली नाही. माझी शाळा, आईचं बाळंतपण, गणपती आणणं, आजोबांना शेवटचं केईएमला नेणं, सगळं त्या स्कूटरवर झालं. ती एकंदर किती चालली, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही.