शिकारीचें हत्यार आणि त्याला नीट करणारे हात

नागपूरच्या सदर भागाला हें नांव कसें पडलें, याचा विचार तेथून रोज जाणारे-येणारेही फारसा करीत नाहींत. ‘सदर बाजार’ हा शब्द छावणीच्या परिभाषेंतला. पलटणीच्या तळाशेजारीं जी मुख्य बाजारपेठ वसे, तिला सदर बाजार म्हणत. खोगिराच्या पट्ट्यापासून तलवारीच्या म्यानापर्यंत पलटणीला जें जें लागे, तें तें तेथें मिळावें आणि मोडलेलें तेथेंच नीट व्हावें, अशी ती व्यवस्था. नागपुरास टाकळीला फौजेचा तळ होता, आणि १८२१ सालीं वसविलेली कामठीची मोठी छावणी कांहीं मैलांवरच होती. या सदरच्या शेजारींच मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला, उभा आहे. १८६३ सालीं स्थापन झालेल्या या संग्रहालयांत जुनीं शस्त्रेंही आहेत आणि वनवासी जमातींच्या वापरांतल्या वस्तूही आहेत. शाळकरी मुलें अशा ठिकाणीं तलवारींकडे आधीं धांवतात, तें साहजिकच आहे. पण जो थोडा वेळ थांबेल, त्याला एक प्रश्न सुचावा. हत्यार कोणत्या काळचें, कोणीं वापरलेलें, हें संग्रहालयांच्या पाट्या सांगतात. तें मोडलें तर कोण नीट करी, हें त्या क्वचितच सांगतात.

वास्तविक शिकारीच्या हत्यारांचा इतिहास बराचसा याच प्रश्नांत सांठविलेला आहे. जें हत्यार धन्याला स्वतः नीट करतां येतें, तें सर्वस्वी त्याचें. जें येत नाहीं, तें अर्धें दुकानदाराचें आणि अर्धें सरकारचें.

प्रथम धनुष्य पाहूं. सातपुड्यांतील भिल्ल त्याला कामठा म्हणतात. सातपुड्यापासून बस्तरपर्यंतच्या डोंगरी मुलखांत धनुष्याची काठी बांबूची असते, आणि दोरीही बहुधा बांबूच्याच पाठीची बारीक चिरफळी असते. मैदानांतल्या माणसाला ही गोष्ट प्रथम खरी वाटत नाहीं. परंतु यांत मोठा विचार आहे. तांत पावसांत भिजली कीं सैल पडते. बांबूची चिरफळी तशी पडत नाहीं. शिवाय ती तुटली तर दुसरी कोठून आणावी ही चिंता नाहीं, कारण तिचा सांठा चहूंकडे रानांत उभाच असतो. कोयता, थोडी सालीची दोरी आणि अर्धी सकाळ एवढ्यावर काम भागतें. बांबू तोडावयाचा तो पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत; त्या वेळीं त्यांतील पिठूळ अंश कमी असतो आणि भुंगा लवकर लागत नाहीं. धुरांत राहिलेल्या बांबूलाही कीड कमी लागते, म्हणून कामठ्याला चुलीच्या वरची जागा फार मानवते. काम नसतां दोरी उतरवून ठेवावी लागते, नाहीं तर ताणलेली काठी हळूहळू ‘बसते’ आणि तिचा जोर जातो.

बाणाची देखभाल याहूनही सोपी आणि याहूनही कौशल्याची. वांकडा झालेला बाण निखाऱ्यांवर शेकून दोन्हीं हातांनीं उलट्या बाजूस दाबला कीं सरळ होतो. कारण तापलेला बांबू मऊ पडतो आणि निवतांना दिलेला आकार धरून ठेवतो. पिसें झडलीं तर मोराचीं नवीं बांधावीं. राहतां राहिलें लोखंडी पातें. तें मात्र शिकाऱ्याला घरीं करतां येत नसे. मंडला-बालाघाटाकडे तें काम आगरिया करीत. पायांनीं भाते चालवून मातीच्या लहानशा भट्टींत लोहखनिजापासून लोखंड काढणाऱ्या या जमातीवर व्हेरियर एल्विन यांनीं १९४२ सालीं स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. म्हणजे धनुष्याचा एकच भाग दुसऱ्याच्या हातचा, आणि तो दुसराही त्याच रानांतला, त्याच बाजाराला येणारा.

बंदूक आली तेव्हां हें चित्र एकदम पालटलें असेल, असा समज होतो. तो बरोबर नाहीं. आपल्याकडची तोड्याची बंदूक ही बव्हंशीं गांवच्या लोहाराच्या आवांक्यांतली वस्तु होती. लोखंडाची पट्टी तापवून गजाभोंवतीं गुंडाळीत आणि ठोकून एकजीव करीत, कीं झाली नळी. मागचें तोंड लोखंडी खुंट्यानें बंद. बाजूला एक बारीक भोंक, त्याला बंदुकीचा कान म्हणत; कानाशेजारीं रंजकेची दारू ठेवावयाची वाटी, आणि पेटता तोडा त्या वाटीवर आणून टेकविणारी एक वांकडी कांब. खालची पट्टी दाबली कीं कांब पुढें झुके, इतकेंच तें यंत्र. नळी दस्त्याला बसवीत तीही पुष्कळदां चामड्याच्या वाद्यांनीं किंवा तारेनें आंवळून. वादी ढिली झाली तर धनी स्वतःच नवी ओली वादी गुंडाळी आणि ती वाळतां वाळतां घट्ट होई. खरें दुखणें कानाचें. प्रत्येक बाराबरोबर तेथून धगधगीत वारा सुटतो आणि भोंक रुंदावत जातें. मग अर्धा जोर तिकडूनच निसटतो. त्यावर उपाय असा कीं भोंक आणखी मोठें करून त्यांत लोखंडाची खुंटी घट्ट ठोकावी आणि खुंटींत नवें बारीक भोंक पाडावें. हें काम नांगराचा फाळ शेवटणाऱ्या लोहाराला जमे.

गारगोटीच्या चापाची बंदूक युरोपांत सर्वत्र झाली, पलटणीबरोबर ती या देशांत आली, तरी शिकाऱ्यांच्या आणि गढीवाल्यांच्या हातीं तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली. इंग्रज लेखकांनीं याचा दोष एतद्देशीयांच्या आळसाला आणि जुन्याच्या हट्टाला दिला. पण चापाची बंदूक उघडून पाहिली कीं निराळें कारण दिसतें. तिच्या पोटांत पोलादाची कमान, म्हणजे स्प्रिंग असते, आणि ती जोरकस असावी लागते. पोलाद किती तापवावें, कशांत बुडवावें आणि पुन्हां किती उतरवावें याचा अंदाज थोडा चुकला तर ती एक तर कांचेसारखी तडकते, नाहीं तर कथलासारखी वांकते. ही विद्या शहरांतल्या निवडक कारागिरांची. रानाकडेच्या गांवीं कमान तुटली कीं ती बंदूक म्हणजे केवळ लांबट काठी. जें मोडल्यावर नीट होणार नाहीं तें घेऊं नये, हा हिशेब आळशाचा नव्हे, शहाण्याचा आहे.

यापुढची सुधारणा एका स्वतः बंदूक खोलून बसणाऱ्या हौशी गृहस्थानें केली, ही गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्सिथ नांवाचा पाद्री पाणपक्ष्यांची शिकार करी. गारगोटीची ठिणगी आणि वाटींतला धूर दिसतांच पक्षी उडून जात, गोळी मागून पोंचे. या त्राग्यापोटीं त्यानें आघातानें पेटणाऱ्या दारूचे प्रयोग केले आणि १८०७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्यांतूनच पुढें तांब्याच्या टोपीची बंदूक निघाली. ती आपल्याकडे ठासणीची बंदूक म्हणून चांगलीच रुळली, कारण पाऊस-वाऱ्यांत ती चुकत नसे. मात्र तिच्याबरोबर एक नवें बंधन आलें. तोडा घरीं वळतां येई, गारगोटी ओढ्यांत सांपडे. टोपी मात्र पेठेंतूनच विकत आणावी लागे. शिकाऱ्याच्या कमरेला दुकानाची दोरी बांधली गेली ती या इवल्याशा टोपीनें.

साफसफाई मात्र अजून धन्याचीच होती, आणि विदर्भाच्या पावसाळ्यांत ती चुकली तर क्षमा नव्हती. काळी दारू जळल्यावर नळींत जी राख उरते, ती हवेंतलें पाणी ओढून घेते. रात्रीं बंदूक तशीच ठेवली तर सकाळीं आंत तांबूस गंज दिसूं लागतो. अशा वेळीं नुसतें तेल ओतून उपयोग नाहीं, कारण ती राख तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळते. म्हणून कढत पाणी ओतून नळी धुवावी, गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी करावी, आणि मगच तेलाचा हात द्यावा. बंदुकींत पाणी ओतणें नवख्याला विपरीत वाटतें. जाणत्यांचा नियम मात्र हाच होता. पुढें बिनधुराची दारू आली तरी काडतुसांच्या टोप्यांतील क्षार गंज आणीतच, त्यामुळें कढत पाण्याची रीत विसाव्या शतकांतही बरीच वर्षें चालू राहिली.

साहेब शिकारीही त्या काळीं आपलें काम आपण करीत. मध्यप्रांताच्या जंगलांवर ज्याचें ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हें पुस्तक १८७१ सालीं निघालें, तो कॅप्टन जेम्स फॉर्सिथ वर सांगितलेल्या पाद्र्याहून निराळा. पचमढीला ज्यानें ‘बायसन लॉज’ बांधलें तोच हा. त्याआधीं १८६३ सालीं त्यानें शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्या यांवर एक सबंध ग्रंथ लिहिला होता. तोंडाकडून भरावयाच्या रायफलीबरोबर तिच्या मापाचा गोळ्या ओतण्याचा सांचा येई. शिसें वितळवून तंबूच्या दाराशीं गोळ्या ओतणें हा मुक्कामावरचा नित्यक्रम होता. भिल्ल निखाऱ्यावर बाण शेकतो आणि कॅप्टन निखाऱ्यावर शिसें वितळवितो, यांत अंतर वाटतें तेवढें मोठें नाहीं.

तें अंतर मोठें केलें काडतुसानें. मागून उघडणारी दुनळी आली, तिचे सांधे केसभर सैल झाले तरी धोका, आणि नळीला पोंचा आला तर तो ठोकून काढणें हें लोहाराचें काम राहिलें नाहीं. काळ्या दारूसाठीं केलेल्या जुन्या पिळाच्या नळींत बिनधुराचें काडतूस घालून हातच गमावण्याची पाळी येई. इंग्लंडांत नळ्यांची कसोटी घेण्यासाठीं लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ सालीं सनद मिळाली होती, बर्मिंगहॅमचें परीक्षणगृह १८१३ सालचें. नळी तापवून झाळणाऱ्या गांवच्या कारागिराजवळ तशी कसोटी कोठून असणार? येथें घरगुती दुरुस्तीची बाजू घेणें कठीण आहे. या बंदुका तिच्यासाठीं घडविलेल्याच नव्हत्या.

पण तंत्रानें जें सावकाश होत होतें, तें कायद्यानें एका वर्षांत केलें. १८५७ च्या जूनमध्यें टाकळीच्या घोडदळाचा उठाव आधींच फसला आणि त्याचीं शस्त्रें काढून घेण्यांत आलीं. त्या भीतीचें पक्कें रूप म्हणजे १८७८ चा शस्त्रांचा कायदा. त्याच्या व्याख्येंत बंदूक, संगीन, तलवार, खंजीर आणि भाला यांच्या रांगेंतच धनुष्यबाणही बसविलेले होते, आणि शस्त्रांचे सुटे भागही ‘शस्त्रें’च ठरविले होते. परवान्याशिवाय शस्त्र घडविण्यास बंदी. म्हणजे कायद्याच्या शब्दांप्रमाणें ठासणीच्या बंदुकीचा मोडलेला घोडा नवा करून देणारा लोहार गुन्हेगार. युरोपियनांना मात्र यांतून मोकळीक होती. शहरांतले शिकलगार तलवारी सोडून सुऱ्या-कातऱ्यांना धार लावूं लागले. डोंगरांत प्रत्येक कामठ्याचा परवाना तपासणें कोणत्याही सरकारला शक्य नव्हतें. पण त्याच १८७८ सालीं जंगलचा कायदाही झाला. त्यांत बांबूची गणना झाडांत केली होती, आणि राखीव जंगलांत झाड तोडणें व नियमांबाहेर शिकार करणें हे दोन्हीं अपराध होते. धनुष्य हातीं राहिलें, पण त्याची नवी काठी सरकारी झाली. बंदुकीपेक्षां हा घाव अधिक खोल होता, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी झाली.

शस्त्रांच्या कायद्याविरुद्ध नागपूर गप्प बसलें नाहीं. १९२७ सालीं मंचेरशा आवारी यांच्या पुढारीपणाखालीं येथें उघडपणें तलवारी घेऊन सत्याग्रह झाला. गांधीजींनीं त्याला पाठिंबा दिला नाहीं. त्याच गांधीजींच्या १९३० च्या अकरा मागण्यांत आत्मसंरक्षणार्थ बंदुकीच्या परवान्यांची मागणी होती, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसनें नियमांच्या अधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. स्वराज्यांत १९५९ सालीं नवा कायदा झाला. त्यानें ‘दुरुस्ती’ हा शब्दच परवान्याच्या कलमांत घातला. तरीही पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख करून त्या जुन्या हत्याराची आठवण ठेवली.

शिकारीवर मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें कडक बंधनें आलीं, आणि वाघांची उरलेली संख्या पाहतां तीं येणें अवश्यच होतें. पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू हें गौण वनोपज ठरविलें, आणि गडचिरोली जिल्ह्यांतील लेखा-मेंढा या गोंड गांवाला २०११ सालीं आपल्या जंगलांतला बांबू स्वतः तोडून विकण्याचा अधिकार मिळाला. त्याच कायद्यांत वनवासीयांचे परंपरागत हक्क मान्य करतांना शिकारीचा हक्क तेवढा स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे.