शिफ्ट आणि सेमिस्टर

आमच्या कारखान्यात नव्यानं लागलेल्या पोरापोरींना मी एक प्रश्न हमखास विचारतो : शिक्षण चालू आहे का? बरेच जण हो म्हणतात. कुणाचं बी.कॉम. बाहेरून चाललेलं असतं, कुणी डिप्लोमा करून पुढे पार्ट टाइम बी.ई.ला बसलेला असतो. ‘मग अरिअर किती?’ असं विचारलं, की माना खाली जातात. राहिलेल्या विषयांना इकडे तमिळनाडूत अरिअर म्हणतात. आपल्याकडचा एटीकेटीवाला आणि हा, एकाच माळेचे मणी.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, ‘कमवा आणि शिका’वर कॉलेज केलेला. श्रीपेरुंबुदूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेनिंगचं खातं सांभाळतो. नोकरी करत शिकलं की अभ्यासाची वाट लागते, असं कुणी म्हणालं की मी विचारतो : नोकरीची वेळ कोण ठरवत होतं?

गरीब विद्यार्थ्याचं पोट कोण भरणार, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच. याच तमिळ मुलखात तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरथनाडूला छत्र बांधलं. तिथे यात्रेकरूंबरोबर शिकणाऱ्या मुलांचीही जेवणाखाण्याची सोय होती. पुण्यात माधुकरी होती, वार लावून जेवणं होतं. पाच घरी झोळी फिरवायची आणि उरलेला दिवस पाठांतराला मोकळा. पण ही दारं ब्राह्मणाच्या मुलालाच उघडत. बाकीच्यांनी शिकायचं, तर दिवसभर राबून रात्री. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती म्हणूनच. विद्यार्थ्याला काम सुटत नाही, तर शाळेनंच आपली वेळ बदलावी, हा विचार तेव्हापासूनचा.

भाऊराव पाटलांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं : कामसुद्धा शाळेनंच द्यायचं. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगाला राजर्षी शाहूंचं नाव दिलं गेलं. पैशाची ओढाताण इतकी, की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही कॉलेजची रीतच झाली. मुलं शेतात राबली, बांधकामावर दगडमाती वाहिली आणि त्यावर शिकली. बोर्डिंगातलेच पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही.

माझ्या वेळेपर्यंत दगड फोडणं राहिलं नव्हतं. सकाळी बागेत खुरपणं, पाणी सोडणं, झाडलोट, मग आंघोळ करून लेक्चरला. हाताला मातीचा वास असायचा आणि पहिल्या तासाला झोपही यायची. पण प्रॅक्टिकल लांबलं तर त्या दिवशीचं काम रेक्टर पुढच्या दिवसावर ढकलत. परीक्षेच्या आधी खुरपं कोपऱ्यात पडायचं. हजेरीची वही आणि परीक्षेचं वेळापत्रक एकाच माणसाच्या टेबलावर असायचं, त्यामुळे दोन्हींची टक्कर होत नसे. मला बी.एस्सी.ला सेकंड क्लास मिळाला. तो खुरप्यामुळे नव्हे, ऑरगॅनिक केमिस्ट्रीमुळे.

दुसरी वाट बाबासाहेबांची. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून त्यांनी १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, आणि वर्ग भरवले सकाळी. दिवसा कचेरीत कारकुनी करणाऱ्या, दुकानात किंवा गिरणीत जाणाऱ्या पोरानं सकाळी वर्गात बसावं आणि मग कामावर जावं. इथे काम कॉलेजचं नव्हतं, मालक परका होता, म्हणून कॉलेज स्वतः सरकलं. साताऱ्यात संस्थेनं काम दिलं, मुंबईत संस्थेनं वेळ दिली. दोन्हीकडे विद्यार्थी वाऱ्यावर सोडलेला नव्हता.

अमेरिकेतल्या केंटकीत बेरिया नावाचं कॉलेज आहे, फुल्यांच्या रात्रशाळेसारखं तेही १८५५ चंच. तिथे फी नाही, पण प्रत्येक विद्यार्थ्याला कॉलेजातच आठवड्याला किमान १० तास काम करावं लागतं. तिकडे या विषयावर पुष्कळ अभ्यास झालेत आणि त्यांचा कल साधारण सारखा आहे : आठवड्याला १०-१५ तासांचं काम, त्यातही कॉलेजच्या आवारातलं, अभ्यासाला मारक ठरत नाही. २० तासांच्या पुढे गेलं की मार्क घसरू लागतात आणि शिक्षण सोडणारे वाढतात. कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा, ओव्हरटाइम वेगळाच.

श्रीपेरुंबुदूरला हा आठवडा उशिरा आला. रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव. आदिकेशव पेरुमाळचं देऊळ, तळी आणि भातशेती एवढीच त्याची ओळख. पुढे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या इथे झाली आणि गावाचं नाव जगभर गेलं. १९९८ मध्ये शेजारच्या इरुंगाट्टुकोट्टैतून ह्युंदाईची गाडी बाहेर पडली आणि मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले. २००६ मध्ये नोकियाचा कारखाना सुरू झाला आणि बारावी झालेल्या मुली गावोगावच्या कंपनी बसमधून थेट लाइनवर येऊ लागल्या. २०१४ च्या नोव्हेंबरात तो बंद पडला, तेव्हा त्यांच्या हाताशी बारावीचंच सर्टिफिकेट होतं. शिक्षण चालू आहे का, हे मी आल्याआल्या विचारतो ते यासाठी.

सरकारी सोयी नाहीत असं नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानं शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं. पण तो शिकतो ते मशीनवरचं काम, कॉलेजचा विषय नव्हे. तमिळनाडू सरकारनं २०२२ मध्ये ‘पुदुमै पेण’ योजना आणली : सरकारी शाळेतून कॉलेजात गेलेल्या मुलीला महिना १,००० रुपये. योजना चांगलीच आहे. पण जिला घरी पैसे पाठवायचे आहेत, तिचं हजारात भागत नाही. ती लाइनवरच येते.

तिरुवण्णामलैकडची अशी एक मुलगी आमच्याकडे तपासणी विभागात होती, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्याकडे दर शनिवारी शिफ्टचा तक्ता लागतो : ए म्हणजे सहा ते दोन, बी म्हणजे दोन ते दहा, सी म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. तिनं वहीच्या मागच्या पानावर डावीकडे पेपरच्या तारखा आणि उजवीकडे त्या आठवड्याची शिफ्ट लिहिली होती. कॉस्ट अकाउंटिंगसमोर ‘सी’. सकाळी सहाला सुटून खोलीवर पोचायला तास जाणार आणि दहाला पेपर. ‘सर, आधी सांगायचं कुणाला?’ तिनं विचारलं. शिफ्ट इनचार्जला पेपरची खबर नव्हती, विद्यापीठाला शिफ्टची. रात्रभर गेजनं बोअर मोजून ती पेपरला गेली. विषय राहिला. पुढच्या खेपेला तिला ए शिफ्ट मिळाली आणि ती सुटली. मुलगी तीच, पुस्तक तेच, कामाचे तासही तेवढेच.

म्हणून ‘नोकरीमुळे मार्क जातात’ हे मला अर्धंच पटतं. ४८ तासांचं ओझं आहेच, ते कुणी नाकारू नये. पण साताऱ्यात आणि सिद्धार्थमध्ये काम आणि वर्ग यांची सांगड घालायला कुणीतरी बसलेलं होतं. इथे ती सांगड एकट्या विसाव्या वर्षाच्या पोरीनं घालायची, तीही वहीच्या मागच्या पानावर.

आमच्या खात्यापुरतं मी एवढं केलंय : शिकणाऱ्या ट्रेनींकडून परीक्षेचं वेळापत्रक आधी मागून घेतो, आणि ते पाहिल्याशिवाय शिफ्टचा तक्ता बोर्डावर लागत नाही. पेपरच्या आदल्या रात्री सी शिफ्ट नाही. इनचार्ज कुरकुरतात, प्रॉडक्शनचे आकडे दाखवतात. मी अरिअरचे दाखवतो.