कांदा १९८१चा, कैरी १९९६ची

कांदा-कैरी करायला घरात दहा मिनिटं पुरतात. नवी मुंबईच्या बाजारात मात्र कांद्याची आणि कैरीची गाठ पडायला पंधरा वर्षं गेली. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून खाडीपलीकडे, वाशी-तुर्भ्याला आला तो १९८१ साली. फळांचा आणि भाजीपाल्याचा आला १९९६ साली. मधल्या काळात इकडे कांद्याच्या थप्प्या लागत होत्या आणि कैरी तिकडे क्रॉफर्ड मार्केटच्या भागात उतरत होती. मी उशिरा आलेल्यांतला. भायखळ्याच्या भाजी मार्केटात एका गाळ्यावर दिवाणजी होतो. शेठ निघाले तसा मीही वह्या, शिक्के आणि गल्ल्याची पेटी घेऊन इकडे आलो.

दिवाणजीचं काम बाहेरच्याला माहीत नसतं. शेतकऱ्याच्या नावावर माल उतरवून घ्यायचा, प्रतवारीप्रमाणे वक्कल लावायचं, कोणी किती भावानं उचलला ते लिहायचं आणि शेवटी गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा करून त्याची पट्टी काढायची. एका पट्टीवर गाव, गाडी, वजन, भाव सगळं येतं. अशा पट्ट्या लिहून लिहून माझं एक मत झालं आहे, आणि ते आमच्या घरच्या बायकांना मुळीच पटत नाही: कोशिंबीर रीतीनं ठरत नाही, आवकेनं ठरते. आजी करायची, आई करायची म्हणून आपण जी सांगतो, तिच्यात त्या त्या वर्षी, त्या त्या महिन्यात बाजारात काय स्वस्त पडलं होतं तेच असतं.

आमचं मूळ जुन्नर तालुक्यातलं. जुन्नर-आंबेगावची माणसं मुंबईच्या भाजीबाजारात पहिल्यापासून. कोणी गाळेवाला, कोणी दिवाणजी, कोणी पाटी डोक्यावर घेणारा. भायखळ्याला रात्री ट्रक लागायचे ते थेट रस्त्यावर. पहाटे लोकलनं येणारे किरकोळवाले पाट्या भरून निघून जायचे आणि मागून ऑफिसची गर्दी कोथिंबिरीच्या चिखलातून वाट काढायची. क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ची. आर्थर क्रॉफर्ड या पहिल्या म्युनिसिपल कमिशनरचं नाव तिला दिलेलं, पुढं महात्मा जोतिबा फुले मंडई झाली. घोड्यांच्या आणि बैलांच्या गाड्यांसाठी बेतलेल्या त्या रस्त्यांवर दहा चाकी ट्रक येऊ लागल्यावर काय होणार? बाजार समिती १९७७ साली झाली आणि घाऊक बाजार बेटाबाहेर न्यायचं ठरत गेलं. आधी कांदा-बटाटा, मग मसाला, धान्य, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. व्यापाऱ्यांनी विरोध केला, तोही बरीच वर्षं. त्यांचं एकच म्हणणं होतं: खाडीपलीकडे गिऱ्हाईक येईल कशाला?

गिऱ्हाईक आलं. पण पहिले महिने आम्हा नोकरमाणसांचे हाल झाले. बाजार रात्री दोन-तीनला जागा होतो आणि त्या वेळेला लोकल नसते. वाशीपर्यंत रेल्वे १९९२ सालीच आली होती, पण तिचा उपयोग घरी परतायला. जाताना मालाच्या रिकाम्या टेंपोत बसून जायचं. तुर्भ्याला उतरलं की खाडीचा खारा वारा, डास आणि लांबलचक सिमेंटचे गाळे. भायखळ्यात चहावाला हाकेच्या अंतरावर होता. इथे चहा शोधायला अर्धा बाजार पालथा घालावा लागायचा.

ही जमीन काही रिकामी नव्हती. सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० रोजी, आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. तुर्भे, वाशी, जुहू, सानपाडा, कोपरखैरणे, घणसोली ही आगरी-कोळ्यांची गावं. बांध घालून खाडीचं पाणी अडवायचं आणि खारजमिनीत भात घ्यायचं, भरतीच्या पाण्यावर मिठागरं चालवायची, खाडीत मासळी धरायची, हा इथला उद्योग. रायगडाच्या बाजूला आजही भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल होतो, पाण्याची सोय असेल तिथे कलिंगड, काकडी, पांढरा कांदा. अलिबागच्या त्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या वेण्या घालून माळा टांगून विकतात आणि तो कच्चाच खावा इतका गोड असतो. मोबदल्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या मागं उभं राहून लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई आणि नवघरच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. म्हणजे पाहा, राज्यातला सगळ्यात मोठा भाजीबाजार जिथे बसला, तिथल्या माणसाला स्वतःची कोथिंबीर विकत घ्यायची वेळ आधी आली आणि मग बाजार आला. आमच्या गाळ्यांवर हे कोणी बोलत नसे. आम्ही घाटावरचे, आमचा माल घाटावरून यायचा, आमचं लक्ष तिकडेच.

कांदा-कैरी मी पहिल्यांदा नीट खाल्ली ती घरी नव्हे, हमालांच्या पंगतीत. बाजारातले माथाडी बहुतेक सातारा, सांगली, पाटण, जावळीकडचे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, म्हणून पाठीवर पोतं वाहणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना असं काही मिळू लागलं. पुढं कोपरखैरणे-घणसोलीला घरंही झाली. सकाळी नऊ-दहाला काम उतरलं की ही मंडळी रिकाम्या बारदानावर बसायची. फडक्यात भाकरी. आमच्या गल्लीत एक म्हातारे हमाल होते, सगळे त्यांना नाना म्हणत. नाना कैरी चिरत नसत. बारदानात गुंडाळून तिच्यावर दगड घालत, कोय काढून टाकत, मग बुक्कीनं फोडलेला कांदा, मीठ, तिखट आणि गुळाचा खडा घालून हातानंच कालवत.

मी एकदा म्हटलं, "नाना, फोडणी नाही?"

"दिवाणजी, फोडणी घरातली. हितं पोटात आग हाय, तेवढी बास."

घरची कांदा-कैरी म्हणजे याचंच शहाणं रूप. कैरी सोलून किसायची, कांदा बारीक चिरायचा, कैरीचा आंबटपणा चाखून गूळ घालायचा, मीठ, लाल तिखट आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी. विदर्भ-मराठवाड्याकडचे शेजारी यालाच तक्कू म्हणतात आणि आमच्यापेक्षा तिखट करतात. मीठ शेवटी घालावं. आधी घातलं तर कैरी आणि कांदा दोन्ही पाणी सोडतात आणि वाटीत सार होतं.

माल कुठला, हेही महत्त्वाचं. कांद्याचे हंगाम तीन. खरिपातला पोळ, त्यानंतरचा रांगडा आणि मार्च-एप्रिलात निघणारा उन्हाळी. पोळ लालभडक आणि पाणीदार, टिकत नाही. उन्हाळी कांदा घट्ट, चाळीत घातला तर दिवाळीच्या आसपासपर्यंत राहतो. कांदा-कैरीला हाच हवा, आणि तो नेमका कैरीच्या दिवसांतच निघतो. त्यातला बारका, गोल्टी म्हणून बाजूला काढलेला, सगळ्यात स्वस्त आणि चवीला सगळ्यात जोरदार. हॉटेलवाले मात्र मोठा मागतात कारण सोलायला वेळ कमी लागतो. कैरी पहिली येते ती दक्षिणेतून, तोतापुरी, तिला आंबटपणा बेताचा. लोणच्याची राजापुरी मागून येते. कोकणातल्या रायवळ झाडाची कैरी आली की ती घ्यावी. तिचा भाव कोणी पुकारत नाही; एखाद्या पाटीतून, दुसऱ्या मालासोबत येते.

आंब्याचा सौदा हा पाहण्यासारखा प्रकार. हंगाम भरात आला की फळ मार्केटात दिवसाला लाखभर पेट्या उतरतात. कायद्याला उघडा लिलाव हवा असतो, पण आंब्याच्या गल्लीत रुमालाखाली हात मिळवून बोटांनी भाव ठरताना मी कितीदा पाहिलं आहे. कितव्या बोटाला दाब दिला ते घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाच ठाऊक. शेजारी उभ्या शेतकऱ्याला आपल्याच पेटीचा भाव पट्टी हातात पडेपर्यंत कळायचा नाही. मी भाजीच्या बाजूला असल्याचं तेवढं समाधान होतं. आमच्याकडे निदान तोंडानं भाव व्हायचा.

कांदा-कैरीचे दिवस पंचांगातही मोजलेले आहेत. चैत्रात सुरुवात. शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि त्या महिन्यात हळदीकुंकू. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून कैरीचा कीस घातलेली आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, पुढं आरास म्हणून कलिंगडाचं कातून केलेलं कमळ. तेही कोशिंबिरीचंच घर, पण त्यात कांदा चालत नाही. पलीकडच्या टोकाला आषाढ शुद्ध नवमी, कांदेनवमी: दोन दिवसांनी चातुर्मास लागणार म्हणून कांदा खाऊन संपवायचा. तोवर पाऊस आलेला असतो आणि कैरी गेलेली. म्हणजे खरी कांदा-कैरी अडीच-तीन महिन्यांची. आता शीतघरातली कैरी आणि परराज्यातला कांदा घालून कोणी ती दिवाळीतही करेल, पण मला तरी ती पाणचट लागते.

कांदा-कैरीत पोर्तुगिजांबरोबर आलेली वस्तू एकच, तिखट. मिरची अमेरिकेतून सोळाव्या शतकात इकडे पोचली. त्याआधी तिखटपणाला मिरी, आलं, मोहरी. काकडीच्या कोशिंबिरीत पाहुणे जास्त. काकडी आपली, दही आपलं. पण मिरची, शेंगदाणा आणि टोमॅटो तिन्ही त्याच अमेरिकेतले. दाण्याच्या कुटाशिवाय खमंग काकडी होत नाही असं जे लोक ठासून सांगतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. पेशवाईतल्या पंक्तीला डाव्या हाताला काय वाढलं होतं त्याच्याशी आपल्या वाटीचा संबंध फार थोडा. माझ्या पत्नीकडे 'रुचिरा'ची जुनी प्रत आहे. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७० साली आलं, सिडको आली त्याच वर्षी, आणि वाटी-चमच्याच्या मापानं नव्या शहरात एकट्या संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींना त्यानं हात दिला. सासू गावाकडे, शेजारीण कानडी किंवा गुजराती, आणि पुस्तक ओट्यावर: वाशी-नेरुळच्या सिडकोच्या घरांत स्वयंपाक असा सुरू झाला.

काकडीबद्दल एक सांगतो, कारण पट्टीवर तिच्यामुळे फार भांडणं व्हायची. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला की काकडी कडू होते. कडूपणा देठाकडे आणि सालीत जास्त असतो. देठाचं टोक कापून ते घासून फेस काढायची रीत सगळ्या घरांत आहे. माझं मत, काम होतं ते कापण्यानं. घासण्यानं हाताला समाधान. मग ती चोचवायची, डाव्या हातात धरून सुरीनं उभे घाव घालत. किसलेली काकडी लवकर पाणी सोडते. कडू माल निघाला की किरकोळवाला परत यायचा आणि हमाल माझ्याकडे बोट दाखवायचे, "दिवाणजींना सांगा." जणू काकडी मी पिकवली!

आता बाजारात वेगळीच कोशिंबीर चालते. आइसबर्ग, झुकिनी, ब्रोकोली, लाल-पिवळी ढोबळी मिरची, चेरी टोमॅटो. पुण्या-नाशकाकडच्या पॉलिहाऊसांतून खोक्यांत बांधून येतात आणि हॉटेलांकडे, मॉलकडे जातात. आमच्या नारायणगावच्या टोमॅटोवाल्यांची पोरं यात आहेत आणि त्यांचं बरं चाललं आहे, त्यामुळे मी नावं ठेवत नाही. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून सुटला, आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, आणि टेंपो थेट सोसायट्यांच्या दाराशी उभे राहू लागले. तरी रात्री गाड्या येतातच, भाजीच्या पाच-सहाशे.

सगळ्यात आधी आलेल्या कांदा-बटाटा मार्केटची इमारत मात्र सगळ्यात थकली आहे. महापालिका पावसाळ्याआधी तिला अतिधोकादायक म्हणून नोटीस लावते, आणि व्यापारी खाली कांदा उतरवत राहतात. तुम्हाला कांदा-कैरी करायची असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या पुढं या. घाईची वेळ संपलेली असते. सुट्या मालाला गाळेवाले नाही म्हणतात, पण उरलेल्या पाटीतली रायवळ कैरी आणि दोन किलो गोल्टी सहसा मिळून जाते. पिशवी घरून आणा.