कात्रीने कापायची खिडकी

शिंपला आणि लाकूड म्हटलं की तुम्हाला पेटीवरचं चमचमतं जडावकाम आठवेल. सोळाव्या-सतराव्या शतकात गुजरातेतून तशा पेट्या पोर्तुगीज व्यापारातून युरोपात जात. मोत्याचा शिंपला कठीण. करवतीने कापायचा, कानशीने घासायचा.

गोव्यात मात्र शिंपला थेट खिडकीत गेला. (पणदऱ्यात बसून समुद्रावर लिहिणं जरा गमतीचंच. देशावरच्या धाब्याच्या घरात उजेड यायचा तो छतातल्या सवण्यातून.) काच महाग होती, म्हणून प्लाकुना प्लासेंटा हा बशीसारखा चपटा शिंपला घ्यायचा, कडा काढून चौकोन करायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचेत सरकवायचा. डिंक नाही, खिळा नाही. एक फुटला तर तेवढाच बदला.

हा शिंपला इतका पातळ की कात्रीनेही कापता येतो. दोन्ही शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचेच, पण मोत्याच्या शिंपल्यात ॲरागोनाइटच्या विटा असतात, यात सुमारे 99 टक्के कॅल्साइट, अतिपातळ थरांत रचलेलं. म्हणून उजेड आरपार येतो. 2014 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं की याला टोचलं तरी इजा तेवढ्याच जागी थांबते, तडा पसरत नाही. कारागिराच्या हाताला हे आधीच कळलं असणार, असं मला वाटतं.

2001 पासून हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे समुद्रातून नवा काढायचा नाही. तेव्हा गोव्यात जुनं घर उतरवणारं कुणी ओळखीचं असेल, तर खिडक्या भंगारात देऊ नका म्हणावं; शेजारच्या घराच्या दुरुस्तीला ते चौकोन लागतील.